किनवटचं रान आणि आमचं गायरान

लातूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसासाठी जंगल नेहमी दुसऱ्या जिल्ह्यात असतं. आमच्याकडे काळीभोर जमीन आहे, तूर आहे, सोयाबीन आहे, मांजरेच्या काठचा ऊस आहे. बांधावर बाभूळ आणि लिंब आहेत, मळ्यात एखादं जुनं आंब्याचं झाड आहे. पण सरकारी अहवालात ज्याला वनाच्छादन म्हणतात, ते जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या एक टक्काही भरत नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनं देशाचा एक तृतीयांश भूभाग झाडांखाली असावा असं सांगितलं. त्या आकड्याशेजारी आमचा आकडा ठेवला की तो दिसतसुद्धा नाही. लहानपणी आम्ही जंगल शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिलं आणि पंचतंत्रात ऐकलं. मामाच्या गावी जाताना एसटीच्या खिडकीतून दिसायचा तो माळ, आणि माळावर मेंढरं.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीतून पाच लाख लिटर आलं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, रात्र रात्र घागरींच्या रांगा लागत होत्या, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी होती. त्या उन्हाळ्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर, पाणी कुठून येतं यापेक्षा ते कुठं थांबतं हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागं लागला. पाऊस आमच्याकडेही पडतो. कधी कधी चार दिवसांत वर्षाचा पडतो. तो थांबत नाही. झाडाखालचा पाचोळा, मुळांनी पोकळ केलेली माती, गवताचे गड्डे, हे सगळं जिथं शिल्लक आहे तिथला ओढा होळीपर्यंत वाहताना मी पाहिला आहे. तो पाहायला मला नांदेड जिल्ह्याच्या पार ईशान्य टोकाला जावं लागलं.

नांदेडहून आदिलाबादकडे जाणारी गाडी मुदखेडला वळण घेते आणि भोकर, हिमायतनगर करत किनवटला पोचते. भोकरपर्यंत सगळं ओळखीचं असतं. नंतर जमीन हळूहळू उचलली जाते. शेतं लहान होतात, टेकड्या रुळाच्या जवळ येतात आणि त्यांच्यावर साग उभा राहायला लागतो. नांदेड जिल्ह्याचं वन एकूण क्षेत्राच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा थोडं कमीच आहे. पण त्यातलं बरंचसं या एका कोपऱ्यात गोळा झालेलं असल्यानं इथं आल्यावर आपण मराठवाड्यात आहोत यावर विश्वास बसत नाही. एका परीनं तो बसूही नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ, शेजारी तेलंगण. आठवडी बाजारात उभं राहिलं की मराठी, गोंडी, तेलुगू, बंजारा आणि हैदराबादी उर्दू कानावर पडते, आणि सौदा करणारी बाई एकाच वाक्यात त्यातल्या दोन-तीन भाषा सहज वापरते.

फाल्गुन सरत आला की इथलं रान पाहावं. सागाची पानं गळून गेलेली असतात, उन्हाला आडवं यायला काही नसतं, आणि त्या भकास वाटणाऱ्या टेकड्यांवर पळस पेटलेला असतो. त्याच दिवसांत मोह फुलतो. पळस लांबून दिसतो, मोह मात्र वासानं कळतो. गोड, किंचित आंबूस, जड असा तो वास पहाटे वस्तीभर पसरलेला असतो. मोहाची फुलं रात्री उशिरा गळायला लागतात आणि ऊन तापेपर्यंत टपटप गळत राहतात. म्हणून वेचणारी माणसं अंधारातच घर सोडतात. माहूरच्या रस्त्यावरच्या एका गावात, जिथं गोंड आणि कोलाम वस्ती आहे आणि हाकेच्या अंतरावर तांडा आहे, मी असाच पहाटे एका कुटुंबामागोमाग निघालो. म्हातारी आजी पुढं, तिची सून, दोन नातवंडं, टोपल्या, आणि एक कुत्रं. झाडाजवळ पोचलो तशी आजी थांबली.

"दादा, चपला इथंच काढा. फुलं दबतात."

मी चपला काढल्या. जमिनीवर फिकट पिवळ्या, मांसल, मण्यांसारख्या फुलांचा सडा होता. पाय ठेवायला जागा शोधावी लागत होती. चौघं बसूनच सरकत होती, दोन्ही हातांनी वेचत होती. बोलणं फार नव्हतं. हे झाड यांचं, पलीकडचं दुसऱ्या घराचं, ओढ्याच्या अंगाचं तिसऱ्याचं, अशी वाटणी पिढ्यांपासून ठरलेली आहे. कुठं लिहिलेली नाही आणि कुणी मोडतही नाही. मी विचारलं, अस्वल येत नाही का? सून म्हणाली, "येते ना. त्यालाही आवडते. म्हणून तं कुत्रं आणतो."

टोपली भरल्यावर फुलं अंगणात वाळत पडतात. वाळून मनुकांसारखी तपकिरी होतात आणि वर्षभर टिकतात. त्यांची दारू होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. भाकरीच्या पिठात ती मिसळतात, तीळ घालून लाडू करतात, उकडून खातात, बाळंतिणीला देतात, हे बाहेरच्यांना कमी ठाऊक असतं. पुढं उन्हाळ्याच्या शेवटी त्याच झाडाची फळं येतात आणि बियांचं तेल निघतं. दिव्याला तेल, हातापायाला लावायला तेल, भाजीला तेल. अनेक वर्षं या फुलांची साठवण आणि वाहतूक आदिवासींनाच कायद्यानं अडचणीची होती. २०२१ मध्ये राज्य सरकारनं ते निर्बंध सैल केले. ही गोष्ट फार आधी व्हायला हवी होती. ज्या झाडावर घरातली चूल आणि दिवा चालतो, त्याची फुलं घरात ठेवायला माणसानं परवानगी मागावी, हा नियम करणाऱ्यानं मोहाखालची पहाट पाहिलेली नसणार.

मोहाखाली एक वाईट गोष्टही पाहिली. वेचायला सोपं जावं म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पाचोळा जाळतात. ती आग कधी कधी हाताबाहेर जाते आणि टेकडी काळी करून सोडते. कोवळी रोपं जळतात, जमिनीवर घरटी करणाऱ्या तित्तरांची अंडी जळतात, आणि पाणी धरून ठेवणारा तो पाचोळाच नाहीसा होतो. आजीच्या झाडाखाली मात्र राख नव्हती. तिनं झाडून जागा केली होती आणि एका बाजूला जुनी लुगडी पसरली होती. "जाळलं तं पुढच्या साली फुल कुठून येईल? नवं झाड कुठून येईल?" असं ती म्हणाली. जुन्या मोहांच्या खाली नवी रोपं फारशी दिसत नाहीत, ही काळजी झाडांचा अभ्यास करणारेही व्यक्त करतात. आजीनं ती कुणाकडून ऐकलेली नव्हती.

सागाची गोष्ट वेगळी. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लालभडक होतो; मुलं हा खेळ करतात. साग रूपवान आहे यात शंका नाही. पावसाळ्यात त्याची सुपाएवढी पानं आणि वरचे पांढुरके तुरे पाहिले की टेकडी भरून आल्यासारखी वाटते. पण निजामाच्या काळापासून या रानाकडे राज्यकर्त्यांनी पाहिलं ते सागाच्या फळ्या मोजत. जंगल राखीव झालं, त्यात शेती करणारी, गुरं चारणारी माणसं अतिक्रमण करणारी ठरली. त्यातूनच १९४० साली आदिलाबाद जिल्ह्यात जोडेघाटला उठावाचा गोंड नेता कोमराम भीम आणि त्याचे साथी निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. हा उठाव का झाला हे समजून घेण्यासाठी निजाम सरकारनं क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये पाठवलं. त्याचं राजगोंडांवरचं पुस्तक १९४८ मध्ये आलं. किनवट तेव्हा त्याच जिल्ह्याचा भाग होतं, हे आपण मराठवाड्याचा इतिहास सांगताना विसरतो. मुक्तिसंग्राम सांगताना आपण रझाकारांपाशी सुरुवात करतो. जंगलावरच्या हक्काची लढाई त्याच्याही आधी या डोंगरांत सुरू होती. तिला कायद्याचं उत्तर मिळायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला.

सागाची किंमत तो आडवा झाल्यावर मिळते, मोहाची तो उभा असेपर्यंत. किनवटच्या रानात फिरताना माझ्या मनात सगळ्यात खोल रुतलं ते हे. उभ्या झाडापासून ज्यांना दर वर्षी काही मिळतं, ते त्या झाडाला कुऱ्हाड लावू देत नाहीत. मोह, चारोळी, टेंभुर्णी, बिबा, बेहडा, पळस या सगळ्यांचं असंच आहे. उन्हाळ्यात तेंदूपानाचा हंगाम येतो, पळसाच्या पानांच्या पत्रावळी होतात, चारोळीच्या बिया फोडून बाजारात जातात. यातलं बरंच काम बाया करतात, आणि मिळणारा भाव अजूनही व्यापारी ठरवतो. पण कुठल्या उतारावर कुठलं झाड आहे, कुठलं यंदा फळलं नाही, हे विचारायचं तर त्यांनाच विचारावं लागतं. रान राखायचं तर या माणसांना बाहेर काढून ते राखता येईल असं मला वाटत नाही.

किनवटहून माहूरला जाताना रस्ता चढत जातो. माहूरला बहुतेक लोक रेणुकामातेच्या दर्शनाला येतात, दत्तशिखर आणि अनसूयेच्या डोंगरावर जातात आणि परततात. त्यांनी तासभर किल्ल्याच्या तटावर बसावं. खाली दरी, दरीत झाडी, दूर पैनगंगेचं वळण. सीताफळाच्या दिवसांत डोंगरउतारावरून टोपल्या घेऊन उतरणाऱ्या बाया दिसतात. हीच पैनगंगा सहस्रकुंडाला काळ्या खडकातून कोसळते. पावसाळ्यात तिथं उभं राहिलं की आवाजामुळे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. उनकेश्वरला गंधकाच्या वासाचे गरम झरे आहेत. एकाच नदीच्या काठावर इतकं सगळं आहे. पलीकडच्या तीरावर पैनगंगा अभयारण्य.

या अभयारण्यातून एक वाघ गेला होता, त्याची हकिकत सांगायलाच हवी. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या या तरुण वाघाच्या गळ्यात भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर बसवली होती. २०१९ च्या जूनमध्ये तो जन्मभूमीतून निघाला. स्वतःची जागा आणि जोडीदार शोधत तो पाच-सहा महिन्यांत १३०० किलोमीटरहून अधिक चालला. महाराष्ट्र, तेलंगण, पुन्हा महाराष्ट्र, आणि वर्षाच्या शेवटी बुलढाणा जिल्ह्यातलं ज्ञानगंगा अभयारण्य. वाटेत सलग जंगल नव्हतंच. तो कपाशीतून गेला, तुरीतून गेला, ओढ्यानाल्यांच्या झुडपांत दिवस काढून रात्री चालला. पुढं डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ थेट धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाटात कॅमेऱ्यात दिसला. नकाशा उघडून पाहा. टिपेश्वरहून येडशीला यायचं तर मधला मराठवाडा ओलांडल्याशिवाय येता येत नाही. येडशी तर लातूरच्या उंबरठ्यावर आहे.

ही बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात आधी आलं ते भय नव्हतं. तो कुठल्या वाटेनं आला असेल, हा प्रश्न आला. ज्या मुलखाला आम्ही झाडाविना म्हणतो, त्यात त्यानं लपायला जागा शोधल्या होत्या. कुठल्या तरी ओढ्याची करंजं, कुठल्या तरी डोंगराची खोरी, कुठलं तरी गायरान. सातबाऱ्यावर तुकड्या तुकड्यानं पडलेलं रान त्याच्या पायांनी जोडून काढलं होतं. बालाघाटच्या रांगा अहमदपूर, चाकूर, उदगीर, देवणी या भागातून जातात आणि त्यांच्या कडेला अशा जागा अजून आहेत. माणसाला त्या दिसत नाहीत, कारण त्यांचा रोजचा उपयोग आता संपला आहे.

लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं बेट आहे. आमच्याकडे अशा उठून दिसणाऱ्या टेकडीला बेट म्हणतात. किनवटहून आल्यावर मी तिकडे गेलो. हे बेट औषधी वनस्पतींसाठी जुनं प्रसिद्ध आहे. आयुर्वेदाचे विद्यार्थी इथं झाडं ओळखायला येतात. पाऊस सरताना, उत्तरा नक्षत्रात, इथल्या वनस्पतींना विशेष गुण येतो अशी लोकांची श्रद्धा आहे आणि त्या दिवसांत माणसं मुद्दाम इथं येऊन राहतात. औषधांच्या गुणांबद्दल बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण या श्रद्धेनं केलेलं एक काम डोळ्यांना दिसतं: आजूबाजूचा सगळा मुलूख नांगराखाली गेला आणि ही टेकडी वाचली. उदगीरजवळचं देवर्जनचं हत्तीबेटही असंच वाचलेलं. तिथं गंगाराम महाराजांची समाधी आहे, खडकात कोरलेल्या गुहा आहेत, हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या लढ्याची आठवण त्या जागेला आहे. देवाच्या, संताच्या, हुतात्म्यांच्या नावानं राहिलेली ही हिरवी ठिकाणं. त्यांच्याभोवती सिमेंटचे रस्ते, पेव्हर ब्लॉक आणि कमानी वाढवण्याची सध्या जी घाई दिसते ती मला मुळीच पटत नाही. भाविकाला बसायला झाडाची सावली पुरते.

पण बेटं मोजकीच. गावोगाव असायचं ते गायरान. आमच्या भागाची शान असलेल्या दोन गाई घ्या. देवणी आणि लाल कंधारी. देवणी लातूरच्या देवणी भागातली, तिच्या अंगावरच्या रंगावरून वानेरा, बालंक्या आणि शेवेरा असे तीन प्रकार जुनी माणसं एका नजरेत सांगतात. लाल कंधारी नांदेडच्या कंधारची, तांबूस गर्द रंगाची, उन्हातान्हात राबणारी. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत मार्गशीर्षात हे बैल उभे केले की बघ्यांची गर्दी हटत नाही. या गाई गोठ्यातल्या पेंडीवर घडलेल्या नाहीत. त्या माळावर घडल्या. मारवेल, पवन्या आणि कुसळीच्या गवतावर, गावच्या गायरानात, गुराख्याच्या मागून. गायरान गेलं की गुराखी जातो, गुराखी गेला की गावरान गाय जाते, आणि पाच-दहा वर्षांत गावाला कळतही नाही की आपलं काय गेलं. त्याच गवतात काळवीट चरतं, लांडगा पिलं वाढवतो, चंडोल अंडी घालतो. मोहासारखंच गवतही उभं असताना मोल देणारं आहे. म्हणून गायरानावर खड्डे मारून गिरिपुष्पाच्या सरळ ओळी लावणं आणि त्याला जंगल वाढवलं म्हणणं मला चूक वाटतं. माळाला माळ राहू द्यावं. झाडं लावायची तर ओढ्याकाठी, रस्त्याकाठी, बांधावर, आणि तीही आपल्या मातीतली लावावीत.

गायरानाबद्दल बोलताना एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. मराठवाड्यात कित्येक दलित आणि भूमिहीन कुटुंबांनी गायरानाचा तुकडा कसून पोट भरलं आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि १९६४ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांमागं याच जमिनींचा प्रश्न होता. त्यांच्या ताब्यातली जमीन काढून घेण्यासाठी पर्यावरणाचं नाव घेणं हा अन्याय होईल. माझा आग्रह उरलेल्या तुकड्यांबद्दल आहे. ते कधी एखाद्या बड्या माणसाच्या कुंपणात जातात, कधी मुरमासाठी खोदले जातात, कधी गावाला नीट न विचारता एखाद्या सौर प्रकल्पाला दिले जातात. सूर्याची वीज हवीच आहे. तिच्यासाठी गुरांचा शेवटचा चारा घ्यायला नको.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामायिक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणं काढून त्या गावाला परत देण्याची योजना करायला सगळ्या राज्यांना सांगितलं, आणि भूमिहीनांना दिलेल्या जमिनींचा अपवादही त्यातच नमूद केला. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. कागद आपल्या बाजूनं आहेत. पुष्कळ गावांत त्यांची कुणी मागणीच केलेली नसते.

लातूर-नांदेडच्या वाचकाला म्हणून माझी विनंती आहे. किनवटला जा, मोह फुलतो तेव्हा जा आणि झाडाखाली चपला काढा. मग आपल्या गावी या. तलाठ्याकडून गायरानाचा सातबारा काढा, किती एकर होतं आणि आज किती उरलं आहे ते पाहा. नोंदवही मागा, तिच्यात गावातल्या गुराख्यांनी आणि म्हाताऱ्या बायांनी सांगितलेली झाडंझुडपं, गवतं आणि पाखरं लिहून घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबर, यातली जी ग्रामसभा पुढं येईल तिच्या विषयपत्रिकेवर गायरान हा विषय लेखी अर्ज देऊन घ्यायला लावा, आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा.